बेचाळीस पोरं आणि एकच नाटक
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं : या वेळी शाळेच्या गॅदरिंगमधलं विनोदी नाटक

प्रश्न : आमची शाळा जिंतूर तालुक्यात आहे. आठवी-नववीचे मिळून 42 जण नाटकात यायचं म्हणतात, त्यात 26 मुली आणि 16 मुलं. गॅदरिंग जानेवारीत आहे आणि नाटक विनोदीच हवं असा सगळ्यांचा हट्ट. बाजारात मिळणाऱ्या पुस्तकांत एक तर सात-आठ पात्रं असतात, नाहीतर पहिल्या पानावर 'पात्रे : 25' छापलेलं असतं आणि बोलतात चौघंच. स्टेज 24 फूट रुंद, 18 फूट खोल. वेळ 40 मिनिटं. नाटक निवडायचं कसं? (एक शिक्षिका)

उत्तर : डॉ. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने पन्नासहून अधिक पात्रं उभी करत. तुमची अडचण नेमकी उलटी आहे. पोरं भरपूर, पण काम थोडं. म्हणून पहिली गोष्ट, पात्रांची यादी वाचून नाटक निवडू नका. पात्रं किती, यापेक्षा बोलणं कुणाकुणात वाटलं गेलंय ते बघा. हे नुसतं वाचून कळत नाही, मोजावं लागतं.

एक मोठा आडवा कागद घ्या. डाव्या बाजूला खाली-खाली पात्रांची नावं, वरच्या ओळीत संहितेची पानं. पात्र ज्या पानावर स्टेजवर आहे तिथे फुली मारा आणि त्या पानावर ते किती वेळा बोलतं तो आकडा फुलीशेजारी लिहा. एका संहितेला तास-दीड तास जातो. पण नंतरचे वीस दिवस वाचतात.

या तक्त्यावर तीन रोग लगेच दिसतात. पहिला, वरच्या तीन पात्रांची वाक्यं एकूण वाक्यांच्या निम्म्याहून जास्त. असं नाटक तिघांचं असतं, बाकीचे नेपथ्य. दुसरा, आकडा नसलेल्या नुसत्या फुल्यांची लांबलचक रांग. ही मुलं स्टेजवर आहेत, पण बोलत नाहीत आणि त्यांना कामही नाही. तिसऱ्या रोगाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. एखादं पात्र दुसऱ्या पानावर येतं आणि मग थेट चोविसाव्या पानावर. तो पोरगा अर्धा तास विंगेत उभा राहणार. विंगेतला गोंधळ, सांडलेलं पाणी, चुकलेली एन्ट्री, सगळं या मोकळ्या अर्ध्या तासातून निघतं.

आता तुमचं गणित. 42 पैकी 36 स्टेजवर आणि 6 मागे ठेवा. एक प्रॉम्प्टर, दोघं सामान बघायला, एक पडद्यावर, एक पार्श्वसंगीताला आणि एक नुसता विंगेत शांतता ठेवायला. शेवटच्या कामाला वर्गातला सगळ्यात दांडगा पोरगा नेमा, तो ते मनापासून करतो. 36 जणांत 8 मोठी कामं, प्रत्येकी 23 वाक्यांच्या आसपास. 12 मधली, प्रत्येकी 8. उरलेले 16 जण समूहात, पण प्रत्येकाला स्वतःची 4 वाक्यं. बेरीज 184 अधिक 96 अधिक 64, म्हणजे 344. चाळीस मिनिटांना भागलं तर एका वाक्याला सरासरी सात सेकंद पडतात. त्यात हालचाल आणि हशा दोन्ही बसतात. हाताने लिहिलेली 26 ते 28 ए-फोर पानं झाली की तेवढी लांबी पुरते. संहिता 35 पानांवर गेली तर कापा. भरभर बोलून वेळ वाचवू म्हणाल तर विनोद पहिल्या पाच मिनिटांत मरतो.

स्टेजचाही हिशोब याच वेळी करा. एका मुलाला उभं राहायला दोन फूट रुंदी लागते, म्हणजे 24 फुटांत विंगेकडची जागा सोडून पुढच्या ओळीत दहा जण मावतात. सगळे 36 एकत्र फक्त सुरुवातीला आणि शेवटी आणा, चार ओळींत, मागच्या दोन ओळी एक आणि दोन फुटी ठोकळ्यांवर. ठोकळे नसतील तर शाळेचे बाक चालतात, पण पाय एकमेकांना दोरीने बांधून घ्या. एरवी स्टेजवर बारा ते पंधरापेक्षा जास्त नकोत. ज्या संहितेत पानोपान 25 जण असतात तिच्यात बोलणारा कोण हेच प्रेक्षकाला सापडत नाही.

कोणत्या प्रकारची नाटकं या गणितात बसतात? सगळ्यात सोपी 'जागेची' नाटकं. ग्रामसभा, आठवडी बाजार, लग्नाचा मांडव, दवाखान्याची रांग, बंद पडलेली एसटी. जागा एकच असल्यामुळे पडदा पाडावा लागत नाही. माणसं येत-जात राहतात, म्हणून दहा-बारा जणांचे गट पाडून तालीम घेता येते. धोका एवढाच की अशा नाटकाला शेवट सापडत नाही. माणसं येतात, गंमत करतात, जातात, आणि मग लेखक अचानक कुणाकडून तरी भाषण करवतो. तेव्हा शेवटची पाच पानं आधी वाचा. गोंधळ नाटकातल्याच गोष्टीने सुटत असेल तरच ते घ्या.

दुसरा प्रकार खोट्या साहेबाचा. निकोलाय गोगोल या रशियन लेखकाचं 1836 सालचं 'इन्स्पेक्टर जनरल' हे या जातीचं मूळ नाटक, आणि पु. ल. देशपांड्यांचं 'अंमलदार' त्याच्यावरच बेतलेलं. गावात मोठा अधिकारी तपासणीला येणार अशी बातमी येते. एका फटिंग पाहुण्यालाच लोक साहेब समजतात. मग एकेक अधिकारी येऊन त्याच्या हातात पैसे ठेवतो. शाळेला हे फार सोयीचं, कारण पैसे द्यायला लागलेली ती रांग म्हणजे सहा-सात मुलांना मिळालेला प्रत्येकी दोन मिनिटांचा स्वतंत्र प्रवेश असतो. एक जण घाबरून नोटा खाली पाडतो, एक जण किती द्यायचे ते विसरतो. एकाला तर काहीच नको असतं, 'राजधानीत गेलात की अमुक गावात मी राहतो एवढं सांगा' इतकंच. प्रत्येकाचा ढंग वेगळा, आणि एकाचं चुकलं तरी पुढचा सावरतो.

तुमच्याकडे मुली जास्त आहेत आणि मूळ नाटकात बायकांची कामं थोडी. यावर मुलांची कामं मुलींनी मिशा लावून करणं हा उपाय नव्हे. पदंच बाईची करा. महाराष्ट्रात 2011 पासून ग्रामपंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. त्यामुळे सरपंचबाई, डॉक्टरीणबाई, गटशिक्षणाधिकारी मॅडम, पोस्टातल्या ताई यांत काहीच ओढूनताणून आणलेलं नाही. मूळ पाच अंकांतली प्रेमाराधनाची गंमत पूर्ण काढून टाका. ती या वयाला अवघड जाते आणि कापल्यावर कथेला भोकही पडत नाही. मूळ नाटकात पोस्टमास्तर दुसऱ्याचं पत्र फोडतो आणि भांडं फुटतं. आज पत्राऐवजी चुकून गावाच्या ग्रुपवर पडलेला व्हॉइस मेसेज चालेल. शेवटी खरा साहेब आल्याची वर्दी येते आणि सगळे जागच्या जागी थिजतात. गोगोलने हे थिजणं जवळजवळ दीड मिनिट सांगितलंय. शाळेत वीस सेकंद पुरे. त्यापुढे एकाला हसू फुटतं आणि 36 जण फुटतात. वीस सेकंद मोजायचं काम प्रॉम्प्टरकडे द्या, नाहीतर पडदेवाला हशात रमतो आणि दोरी ओढायची विसरतो.

तिसरा प्रकार तर आपल्या घरचाच, आणि शाळा त्याला उगाच टाळतात. भारूड. पैठणच्या एकनाथांची भारुडं शंभर वेळा ऐकलेली असली तरी स्टेजवर ती गळत नाहीत. त्यांत टाळकऱ्यांचा घोळका असतो. तो मुख्य भारुडकऱ्याला आडवे प्रश्न विचारतो, मुद्दाम चुकीचं समजून घेतो, मग सुरात सूर मिसळतो. तुमच्या 16 जणांच्या समूहाला यापेक्षा चांगलं काम नाही. 'विंचू चावला'सारखं एक भारूड दहा मिनिटं, मग त्याच्या सुरावर आजचा एक प्रसंग, पुन्हा पालुपद, अशी 40 मिनिटं विणता येतात. लोकनाट्यातली बतावणीही अशीच वाटून देता येते. दोघांची प्रश्नोत्तरं असतात, ती सहा जोड्यांत फिरवा. अट एकच, ठेका धरणारे दोघं तरी हवेत. ढोलकी-टाळ मोबाइलवर लावलेत तर वाक्यं संगीताच्या मागे धावतात, आणि हशा पडला तरी मोबाइल थांबत नाही.

दारांचे फार्स मात्र सरळ बाजूला ठेवा. एक आत गेला, दुसरा बाहेर आला, तिसरा पलंगाखाली लपला, हे वाचायला धमाल असतं. पण त्याला लाकडी चौकट आणि खरी आपटणारी तीन दारं लागतात. मांडवाच्या कापडी विंगेतून बाहेर आलेला माणूस 'दार उघडून' आलाय हे कुणालाच पटत नाही. शिवाय पात्रं सात-आठच.

शेवटी दोन-तीन संहिता उरल्या की त्यांची चार-चार पानं वर्गात मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्या, दुसऱ्या दिवशी तीच पानं पुन्हा. पहिल्या वाचनाचा हशा फसवा असतो. दुसऱ्या दिवशीही ज्या पानावर न वाचणारी पोरं मान वर करतात ते नाटक घ्या. स्टाफरूममध्ये मनातल्या मनात वाचून निवडलेलं नाटक शिक्षकांना आवडतं, एवढंच.

प्रश्न : नाटक पुस्तकी भाषेत बसवावं की आमच्याकडच्या? पोरांना प्रमाण भाषा जड जाते, पण गावाकडची बोली आली की प्रेक्षक बोलीलाच हसतात. आणि मुलाला साडी नेसवली की हमखास हशा येतो, तो घ्यावा का? (सहशिक्षक, अंबड)

उत्तर : बोली घ्या, पण सगळ्यांना द्या. गडबड तेव्हा होते जेव्हा हुशार पात्र, साहेब, नायक प्रमाण भाषेत बोलतात आणि नोकर, गुराखी, म्हातारी तेवढी बोलीत. मग हसण्याचा विषय बोली होतो. साहेबालाही 'काहून आलता?' म्हणू द्या, पुढाऱ्यालाही 'मपलं काम कधी करताव?' विचारू द्या. आता हसू प्रसंगाचं येईल. बोली एकाच गावची ठेवा. लातूर-उदगीरकडचं 'करायलाव' आणि जालन्याकडचं 'काहून' एकाच घरात आलं तर आपला प्रेक्षक ते लगेच पकडतो. संहितेत बोली लिहीत बसू नका. मुलांना प्रसंग सांगा, त्यांना त्यांच्या तोंडाने बोलू द्या, आणि मग ते लिहून घ्या.

पुण्या-मुंबईच्या संहिता घेतल्या तर लोकलची गर्दी, चाळीतला नळ, पेठांमधले टोमणे इथे पडतात. ते बदलताना संदर्भ बदला, वाक्याची चाल मोडू नका. हसवणारा शब्द वाक्याच्या टोकाला राहिला पाहिजे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हा शब्द नेहमी अलीकडे अडकतो. 'म्हैस हरवली होती म्हणून मी काल शाळेत आलो नाही' यात हसण्यासारखं काही उरत नाही, कारण म्हैस सुरुवातीलाच निघून गेली. 'काल शाळेत नाही आलो सर... हरवली होती... म्हैस' असं म्हटलं की हशा पडतो. संहिता हातात घेऊन अशा पन्नासेक वाक्यांची फिरवाफिरव केलीत तर नाटकात एकही नवा विनोद न घालता हशे वाढतात.

साडीचं म्हणाल तर, भारुडात पुरुषाने बाईचं सोंग घेणं ही परंपरा आहे आणि तिथे ते शोभतं, कारण त्या सोंगाला बोलायला काहीतरी असतं. साडीतला मुलगा नुसता चालला म्हणून आलेला हशा दीड मिनिट टिकतो. पुढची पंधरा मिनिटं त्या पोराला मागून हाका ऐकाव्या लागतात, आणि गॅदरिंगनंतरही. मुली हाताशी असताना हे करायचं कारणच नाही. जाड, काळा, तोतरा, बहिरा यांवरचे विनोदही निवडीच्या वेळीच खोडून टाका. वर्गात त्या वर्णनाचं एक तरी मूल असतंच.

प्रश्न : छापील नाटक गॅदरिंगला करायचं तर लेखकाची परवानगी लागते का? (मुख्याध्यापक, सेलू)

उत्तर : 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 (1) (जे) आहे. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेला नाट्यप्रयोग, आणि प्रेक्षक म्हणून शाळेतलेच लोक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी, एवढं असेल तर त्याने हक्कभंग होत नाही. गॅदरिंगचं नाटक या चौकटीत बसतं. तिकीट लावलं, गावजत्रेत तोच प्रयोग केला, यूट्यूबवर टाकला किंवा स्पर्धेला नेला की चौकट सुटते. मग लेखकाचं किंवा वारसांचं पत्र घ्या. शासनाच्या किंवा इतर स्पर्धेला जाणार असाल तर माहितीपत्रकात लेखकाचं संमतिपत्र आणि संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र याबद्दल काय लिहिलंय ते सगळ्यात आधी वाचा. संहिता बसवून झाल्यावर ही कागदपत्रं गोळा करायला वेळ उरत नाही.

लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून. एकनाथ, गोगोल, गडकरी मोकळे आहेत. पु. ल. 2000 साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन 2060 अखेरपर्यंत हक्काखाली. यातली मेख अशी की मूळ लेखक मोकळा असला तरी मराठी रूपांतराला स्वतःचा हक्क असतो. म्हणून गोगोल घ्यायचा तर कथा घ्या आणि संवाद तुम्ही लिहा. कुणाच्या रूपांतराची पानं फाडून नव्हे.

प्रश्न : मागच्या वर्षी मैदानात नाटक केलं. पुढच्या चार ओळींपलीकडे कुणालाच काही ऐकू आलं नाही. माईक दोन होते, मुलं एकमेकांच्या हातात देत होती. (शिक्षिका, केज)

उत्तर : हातात माईक आला की विनोद संपला. बोलायच्या आधी माईक येतोय का हे बघण्यात टायमिंग जातं आणि एक हात कायमचा अडकतो. साउंडवाल्याला तीन माईक मागा, सगळे स्टेजच्या पुढच्या काठावर, बुटक्या स्टँडवर, खाली स्पंजचा तुकडा. स्पंज नसला तर पावलांचे धपधप आवाज शब्दांपेक्षा मोठे येतात. तुमचं स्टेज 24 फुटी असेल तर डावीकडून 4, 12 आणि 20 फुटांवर ठेवा. माईक शिट्टी मारतो त्याचं कारण बहुतेक वेळा एकच. स्पीकरचे बॉक्स माईकच्या मागे किंवा शेजारी लावलेले असतात आणि आवाज फिरून माईकमध्ये येतो. बॉक्स माईकच्या ओळीच्या पुढे, तोंड प्रेक्षकांकडे.

एवढं करूनही माईकपासून चार फुटांच्या पलीकडचं नीट येत नाही. म्हणून हालचाली बसवतानाच नियम करा. बोलणारा पुढे येतो, ऐकणारे मागे अर्धवर्तुळात सरकतात. मोठ्या घोळक्याच्या नाटकात याने आणखी एक काम होतं, कोण बोलतंय ते शेवटच्या ओळीलाही कळतं.

आता हशाबद्दल, कारण ऐकू न येण्याचं अर्धं कारण तेच असतं. तालमीत कुणी हसत नाही, म्हणून पोरं वाक्याला वाक्य लावून पाठ करतात. प्रयोगात हशा पडतो आणि पुढची तीन वाक्यं त्यात बुडतात. त्यांत कथेचं काहीतरी असतं, आणि मग पुढचं कुणाला कळत नाही. शेवटच्या आठवड्यात खालच्या वर्गातली वीस पोरं समोर बसवून दोन तालमी घ्या. हशा चढत असताना थांबायचं, अर्ध्यावर उतरला की पुढचं वाक्य. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर नाटक लंगडतं. थांबताना पुतळा व्हायचं नाही. हातातलं काम चालू ठेवायचं, टोपी झटकायची, पिशवी बांधायची.

आणि जनरेटर आधीच सुरू करून, त्यावर माईक-दिवे लावून बघा. लाइट गेल्यावर जनरेटर शोधायला निघालेला शिपाई परत येईपर्यंत नाटकाची हवा गेलेली असते.

प्रश्न : आमचा धारूर तालुका. दिवाळीनंतर बरीच मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. तालमीला 25 दिवस मिळतात आणि पाचची एसटी गाठायची असल्यामुळे निम्मी पोरं थांबू शकत नाहीत. एवढ्या पात्रांचं नाटक होईल का? (सहशिक्षक)

उत्तर : होईल, पण नाटक निवडतानाच हे धरून चाला. ज्या नाटकात एक पोरगा नसला की पुढचं अडतं, ते तुमच्यासाठी नाही. गटागटाने उभं राहणारं घ्या. पहिल्या उत्तरातलेच 36 जण धरले तर 12-12 चे तीन गट करा, प्रत्येकाला एक गटनायक आणि एक वर्गखोली. गावाप्रमाणे गट पाडलेत तर एसटीचाही प्रश्न सुटतो, एका बसची पोरं एका गटात.

पहिले 3 दिवस नुसतं वाचन. पुढचे 9 दिवस गट वेगवेगळे, रोज 40 मिनिटं. दहाव्या दिवशी हातातले कागद काढून घ्या. मग 6 दिवस गट जोडणं, 4 दिवस सलग, 2 रंगीत तालमी आणि शेवटचा दिवस मोकळा. पंधराव्या दिवसाच्या आसपास नाटक सगळ्यांना शिळं वाटायला लागतं. तेव्हा पोरं आणि शिक्षक दोघंही नवे विनोद घालतात, आणि 40 मिनिटांचं नाटक 52 वर जातं. रोज घड्याळ लावून वेळ फळ्यावर लिहा. वाढली की आदल्या दिवशी घातलेलं आधी काढा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांना कामच द्यायचं नाही, हा मार्ग सोपा आहे आणि वाईट आहे. तुमच्याकडे ऊसतोडीच्या काळात मुलांना गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह असेल तर उलट तीच मुलं संध्याकाळी गावात असतात आणि त्यांना एसटी गाठायची नसते. लांब, जास्त तालमीची कामं त्यांना द्या. जाणार की नाही हे नक्की नसलेल्यांना समूहातली कामं जोडीने द्या. प्रत्येकी चार वाक्यं, एक गेला तर दुसरा आठही म्हणतो. आठ मोठ्या कामांना प्रत्येकी एक बदली ठरवा आणि दर तिसऱ्या तालमीत त्याला खरंच उभं करा. नुसतं 'तू बदली' सांगून ठेवलेल्या पोराला ऐन वेळी काही येत नाही.

कपड्यांवर खर्च करू नका. घरचेच कपडे आणि प्रत्येकाची एक खूण. रंगीत उपरणं, टोपी, छत्री, पिशवी, चष्मा. चिकटवलेल्या दाढीमिशा घामाने सुटतात, पेन्सिलीने काढलेली मिशी शेवटपर्यंत टिकते.

प्रश्न : मी नववीत आहे. मला 'गावकरी क्रमांक 4' केलंय. एकच वाक्य आहे : 'हो हो, बरोबर हाय.' मित्र चिडवतात. काय करू? (एक विद्यार्थी, वसमत)

उत्तर : आधी क्रमांक काढून टाक आणि सरांना न विचारता स्वतःला नाव दे. मग धंदा ठरव. पंक्चर काढणारा, दूध घालणारा, पिठाच्या गिरणीवरचा. त्या धंद्याची एक वस्तू हातात घे, पण एकच. गिरणीवाला असशील तर अंगावर थोडं पीठ आणि बोलण्याआधी झटकायची सवय. मग घोळक्यातला एक माणूस निवड, ज्याच्याशी तुझं पटत नाही. तो 'हो' म्हणाला की तुझं 'हो हो' जरा उशिरा, नाइलाजाने येईल, आणि तेच वाक्य हसवेल.

एक पथ्य पाळ. दुसरा कुणी हसवणारं वाक्य बोलत असताना तू पीठ झटकायचं नाहीस. हाललास की लोकांची नजर तुझ्याकडे येते आणि त्याचा हशा वाया जातो. त्या वेळी मान बोलणाऱ्याकडे, अंग स्थिर. वाक्य संपलं की मग झटक.

आणि तुझं एकच वाक्य असल्यामुळे ते तू तालमीत दर वेळी वेगळं म्हणशील. तसं करू नकोस. तुझ्या 'हाय'वर दुसऱ्या कुणाची तरी एन्ट्री असेल. त्याला शोधून विचार, त्याला तुझं वाक्य विंगेत ऐकू येतंय का.